पालीचा फोटो काढा, प्लीज

कॉलनीत साप निघाला की ग्रुपवर लगेच फोटो, व्हिडिओ, सर्पमित्राचा नंबर सगळं येतं. पालीचा फोटो मात्र कोणी टाकत नाही. मी टाकला तर समोरच्या काकूंनी तोंड वाकडं केलेला इमोजी पाठवला आणि खालच्या मजल्यावरचे नाना जिन्यात भेटल्यावर म्हणाले, "पालना फोटो कसाले काढी ऱ्हायना रे भो?"

प्रश्न बरोबरच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कॅरिबियनमध्ये पोर्तो रिको नावाचं बेट आहे, तिथे ॲनोल म्हणून छोटे सरडे असतात. क्रिस्टिन विंचेल या संशोधक बाईंनी तिथले जंगलातले आणि शहरातले सरडे पकडून मोजले तर शहरातल्यांचे पाय लांब निघाले, बोटांखालच्या चिकटायच्या पट्ट्याही जास्त निघाल्या. गुळगुळीत भिंतीवर राहायचं आणि उघड्यावरून पळायचं म्हणजे ते कामाचंच. हे २०१६ ला छापून आलं. मला त्यातली भारी वाटलेली गोष्ट म्हणजे दोन्हीकडच्या पिल्लांना लॅबमध्ये एकसारखं वाढवलं तरी फरक तसाच राहिला, म्हणजे हे नुसतं सवयीचं नाही, पिढीतून उतरतंय. २०२३ ला तर त्याच बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शहरांतल्या सरड्यांच्या जनुकांमध्ये सारखे बदल सापडले. आपल्याकडेही बंगळुरूला आयआयएससी या विज्ञान संस्थेत मारिया ठाकर यांच्या टीमने खडकांवरच्या सरड्यांवर काम केलंय, शहराकडेला राहणारे सरडे सुरक्षित लपायची जागा कोणती हे गावाकडच्या सरड्यांपेक्षा लवकर शिकतात असं त्यांना २०१९ ला दिसलं.

आता यात तुमचं आमचं काय काम? तर काम हे, की शहरातली जमीन बहुतेक कोणाच्या तरी मालकीची असते. संशोधक जंगलात परवानगी काढून जाईल पण तुमच्या बाथरूमच्या खिडकीपर्यंत, बोळीतल्या मीटरच्या पेटीपर्यंत कसा पोचणार? लॉस एंजेलिसच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने हेच ओळखलं आणि लोकांनाच सांगितलं की तुमच्या अंगणातल्या सरड्यांचे, पालींचे फोटो आयनॅचरलिस्टवर, म्हणजे प्राणी-झाडांच्या नोंदी टाकायच्या ॲपवर, टाका. त्यातून बाहेरून आलेल्या पाली कुठे कुठे वस्ती करून बसल्यात ते कळत गेलं. आपल्या भिंतींपर्यंत आपणच पोचू शकतो, मला एवढंच म्हणायचंय.

जळगावात तर हे बघायलाच पाहिजे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, दुपारी गच्चीवर वाळवणाच्या कुरडया सोडून कोणी दिसत नाही. अशात कंपाउंडवरचा सरडा किती वाजता बाहेर येतो आणि किती वाजता सावलीत घुसतो, सिमेंटच्या भिंतीवरचा लवकर पळतो की मेहरूण तलावाकडच्या झाडावरचा, हे कोणी लिहून ठेवलंय? मला तरी दिसलं नाही.

फोटो कसा काढायचा तेही सांगतो कारण पोरं नुसता क्लोजअप काढतात, डोळा मस्त येतो पण पाल कुठे बसलीये ते कळत नाही. एक फोटो जवळून, एक लांबून. भिंत रंगवलेली का विटांची, जमिनीपासून किती वर, जवळ ट्यूब आहे का, शेपूट पूर्ण आहे का तुटून परत आलेलं, हे खाली लिहायचं. परत आलेलं शेपूट ओळखू येतं, बुडाशी रंग आणि खवल्यांची नक्षी एकदम बदलते. आणि पालीला हात लावायची, झाडूने पाडायची काहीएक गरज नाही. ती विषारी नसते. तिच्या अंगावर, विष्ठेत साल्मोनेला असू शकतो म्हणून दुधात पडली तर दूध फेकायचं, एवढंच.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे स्वयंपाकघराची काच. रात्री आत लाइट लावला की किडे बाहेरून काचेला चिकटतात आणि त्यांच्यामागे पाल येते, मग आपल्याला तिचं पोट दिसतं. बोटांखालच्या त्या आडव्या पट्ट्या, दोन ओळींत, स्पष्ट मोजता येतात. मादीच्या पातळ कातडीतून कधीकधी आतली दोन पांढरी अंडीसुद्धा दिसतात. हे काकूंना दाखवलं तर काकू "ईईई" म्हणाल्या आणि मग दहा मिनिटं बघतच बसल्या 😄

घरातली पाल म्हणजे एकच जात असंही नाही बरं का. शेपटीवर काट्यांसारखे दाणे असलेली, रात्री चुकचुकणारी वेगळी, आणि ती मोठी, चपटी, पिवळसर पोटाची वेगळी. ओळखता नाही आली तरी चालतं, आयनॅचरलिस्टवर फोटो टाकला की बाकीचे लोक ओळख सुचवतात, दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत झालं की नोंद अभ्यासाच्या दर्जाची धरतात. फक्त घरातला फोटो असेल तर लोकेशन धूसर करायची सेटिंग आहे, ती लावा, लहान पोरांच्या मोबाइलवर तर नक्कीच.

एप्रिलच्या शेवटी सिटी नेचर चॅलेंज असतं, म्हणजे कोणत्या शहरातून निसर्गाच्या जास्त नोंदी येतात याची चढाओढ, २०१६ ला लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या खुन्नसमधून सुरू झालेलं. आपल्याकडे तेव्हा दिवसा बाहेर पडणं म्हणजे शिक्षा, पण पाली रात्रीच्याच, जेवण झाल्यावर गच्चीवर गप्पा मारता मारता होतं काम.

सध्या आमच्या जिन्यातल्या जुन्या ट्यूब काढून एलईडी लावणं चाललंय. अर्धे मजले झाले, अर्धे बाकी. लाइट बदलल्यावर पाली कमीजास्त होतात का बघायला, कोणत्या मजल्यावर किती पाली येतात ते पोरं रोज रात्री भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितायत. धुळे, नंदुरबार, भुसावळकडे कोणाच्या बिल्डिंगमध्ये असंच लाइट बदलायचं काम निघालं असेल तर बदलायच्या आधीपासून मोजायला सुरुवात करा आणि कमेंटमध्ये कळवा.