दोऱ्याने मोजलेलं न्यूयॉर्क

आज पहाटे आईला मुंबई विमानतळावर सोडून आलो. ताईच्या बाळंतपणासाठी निघालीय, आयुष्यातला पहिला विमानप्रवास. बॅगेत डिंकाचे लाडू आणि बाळासाठी दुपटी.

काल रात्री तिने विचारलं, "न्यूयॉर्क नेमकं किती लांब रे?" १२,५०० किलोमीटर सांगून तिला काही कळेना. मग लेकीचा पृथ्वीगोल आणला आणि आईच्याच शिवणाच्या डब्यातला दोरा मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत ताणून धरला. मला वाटलं होतं, नकाशावर दिसतं तसा सरळ पश्चिमेला जाईल. तो चढला वर उत्तरेला! मॉस्कोजवळून, नॉर्वे, आइसलँड, मग ग्रीनलँडच्या टोकापाशी खाली उतरला. गोल पृथ्वीवर तोच सगळ्यात जवळचा रस्ता. विमान अगदी तसंच जातं असं नाही, वारा आणि विमानांना बंद असलेली आकाशं बघून वळणं घ्यावी लागतात. तरी १६ तास धराच.

आईने दोरा उचलून बोटाला गुंडाळला. "एवढाच तर आहे," म्हणाली. वीतभरापेक्षा थोडा जास्त.

आता घरी आलोय. तो दोरा तिच्या उशीजवळ तसाच पडलाय, उचलवत नाहीये.