ताळेबंद आणि कायक

"सर, आठवडाभर बी.कॉम.च्या पोरांना नफा शिकवता आणि रविवारी सोलापुरात विडी कामगारांच्या घरकुलात बायांचे हिशेब बघत बसता. जमतं कसं?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

काही वर्षांपूर्वी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. आईचं कर्जाचं कार्ड तिनं पुढे केलं. कडेला तंबाखूचे डाग. एका मायक्रोफायनान्स कंपनीचं, म्हणजे गरीब घरांना तारणाशिवाय छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीचं, 30,000 रुपयांचं कर्ज, 2,800 चे बारा हप्ते, व्याज 12 टक्के. मी फळ्यावर हिशेब मांडला. मुद्दल दर महिन्याला फिटतंय, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण तीस हजारांवर. घटत्या शिलकीवर धरलं, तर दर साडेएकवीसच्या घरात जातो. मुलगी फळ्याकडे बघत राहिली. तिची आई हजार विड्यांवर मजुरी घेते, आणि त्यातूनही छाट, म्हणजे नापसंत ठरवलेल्या विड्या, वजा होते. हेच गणित मी वर्षानुवर्षं पाच मार्कांसाठी शिकवत आलो होतो. त्या दिवशी फार लाज वाटली.

आमचं घर सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांना मानणारं. लहानपणापासून संक्रांतीला त्यांच्या यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्यांमागे चालत आलोय. बाराव्या शतकात त्यांनी सोलापुरात तळं खोदवलं. लोकांना पाणी मिळणं हीच त्यांची पूजा. त्यांच्यासारख्या शरणांनी, म्हणजे शिवभक्त संतांनी, कष्टाला कायक म्हटलं आणि कमाईतला वाटा समाजाला देण्याला दासोह. त्यांच्यातलेच आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणायचे. एक दिवस रोजच्यापेक्षा जास्त आणले, तर पत्नी लक्कम्मांनी ते परत करायला लावले. नफ्याचा धडा मी या गोष्टीनंच सुरू करतो. नफा कमवावा, त्यात पाप नाही. पण समोरच्याला दर कळू न देता घेतलेला पैसा मला लक्कम्मांच्या दारातले जास्तीचे तांदूळ वाटतो.

म्हणून रविवारी तिसऱ्या वर्षाची पोरं घेऊन जातो. पोरं बायांना त्यांच्या तेलुगूत समजावतात, मी आकडे तपासतो. रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे नियम हाताशी आहेत: वार्षिक दर माहितीपत्रकात स्पष्ट हवा, कार्ड कर्जदाराला कळेल अशा भाषेत हवं. आता बाया सही करण्याआधी तो कागद मागून घेतात.

मागच्या रविवारी एका अक्कांनी मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला सारलं, तीन कार्डं जमिनीवर ओळीनं मांडली आणि विचारलं, "सर, यातलं आधी कुठलं फेडू?"