पेंटॅक्स नंतर, आधी मंडई

भाचीला फिल्म कॅमेरा हवाय. "मामा, तुझा तो जुना पेंटॅक्स मला देऊन टाक ना, मला फोटोग्राफी मुळापासून शिकायचीय." द्यायला माझी ना नाही. के-१००० आहे तो. १९७६ साली बाजारात आलेलं हे मॉडेल १९९७ पर्यंत बनत होतं, त्यातच सगळं आलं. शटर पूर्ण यांत्रिक, सेल फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरपुरता. तो संपला तरी फोटो निघतात. शिकायला याहून साधं यंत्र नाही. तरीही म्हटलं, आधी बाबांचा पडून असलेला डीएसएलआर, म्हणजे डिजिटल कॅमेरा, आणि त्याची ५० एमएमची लेन्स घे, रविवारी सकाळी महात्मा फुले मंडईत ये.

बाहेर लख्ख ऊन. आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १००, शटर १/१२५ सेकंद, एफ/१६ (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा लहान तितकं छिद्र मोठं). हा उन्हाचा जुना हिशेब, मीटरशिवाय जमतो. पण मंडईच्या छपराखाली शिरलो की त्याच आकड्यांवर फोटो काळाठिक्कर. तिने अ‍ॅपर्चर, म्हणजे ते छिद्र, एफ/२ पर्यंत उघडलं, तरी अंधारच. मग आयएसओ ४००, तेव्हा कुठे भाजीवाल्या मावशींचा चेहरा दिसला. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. म्हणजे सहा स्टॉप अ‍ॅपर्चरचे, दोन आयएसओचे. आठ स्टॉपचा हा फरक तिने पाच मिनिटांत डोळ्यांनी पाहिला. कॅमेऱ्यात १०० आयएसओचा रोल असता तर आयएसओला हातच लावता आला नसता. १/३० वर श्वास रोखून उभं राहायचं, आणि गिऱ्हाईक हललं की संपलं.

खरी गंमत वांग्यांपाशी. काळ्याभोर वांग्यांच्या ढिगावर मीटर धरला, तर फोटोत ती फिकट, धुरकट जांभळी. शेजारी लसूण, त्याच्यावर धरला, तर लसूण मळकट. मीटरला समोरचं सगळं मध्यम करडंच असावंसं वाटतं, हे मी सांगायच्या आत तिने ओळखलं. वांग्यांना एक स्टॉप कमी, लसणाला एक जास्त. मावशी म्हणाल्या, "घ्यायचंय का नुसते फोटोच?" अर्धा किलो वांगी घेतली.

हेच रोलवर केलं असतं तर? निगेटिव्ह दिलदार असते, एक-दोन स्टॉप जास्त प्रकाश पोटात घालते. उरलेलं स्कॅन करणारा सावरून देतो. फोटो बरे येतात आणि आपलं काय चुकलं ते कळतच नाही. शिवाय रोल संपून, धुवून येईपर्यंत कुठल्या फ्रेमला काय ठेवलं होतं ते कुणाला आठवतंय? आम्ही खिशात वही ठेवायचो, दर फ्रेमचे आकडे लिहायला. आता ते फाइलमध्ये आपोआप असतात. आणि रोल, धुणं, स्कॅन मिळून हजाराच्या वर सहज जातात.

"फिल्ममुळे शिस्त लागते" हे पालुपद मला पटत नाही. धडाधड बटण दाबणारा ३६ फ्रेमही तशाच उडवतो, फक्त पैसे मोजून. शिस्त लावायची तर मोड मॅन्युअल, ऑटो आयएसओ बंद, झूम घरी.

अट घातलीय: मंडईच्या आत-बाहेर मीटर न बघता एक्स्पोजर, म्हणजे हे तिन्ही आकडे, सांगून दाखव, पेंटॅक्स तुझा. पहिला रोल मी भरून देईन, ब्लॅक अँड व्हाइट, ४०० चा. तिला कलरच हवाय. बघू.