साउथ डकोटातील फेझंट आणि गवताचे गणित

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात फेझंट या पक्ष्याच्या शिकारीचा मुख्य हंगाम सुरू होतो आणि लहानसहान गावांतील मोटेल व खाणावळी नारिंगी जाकिटे घातलेल्या, कुत्री सोबत आणलेल्या माणसांनी भरून जातात. मी शिकार करत नाही. माझी ओढ पक्ष्यांची आणि गवताळ प्रदेशाची. तरीही तेथील गवत टिकवण्यात शिकाऱ्यांचा वाटा मोठा आहे, हे मान्य केल्याशिवाय या पक्ष्याविषयी प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही.

फेझंट मूळचा आशियातील, आपल्या तितराच्याच कुळातला. शांघायमधील अमेरिकी वाणिज्यदूत ओवेन डेनी यांनी 1881 पासून चीनमधून पाठवलेले पक्षी ओरेगॉनमध्ये रुजले. साउथ डकोटातील रेडफिल्डजवळ 1908 च्या सुमारास काही पक्षी सोडण्यात आले, 1919 मध्ये तेथील स्पिंक काउंटीत एका दिवसाचा पहिला हंगाम झाला आणि 1943 साली हा राज्यपक्षी ठरला.

शिकारीत फक्त नर टिपण्याची परवानगी असते, तीही दिवसाला तीनच. एक नर अनेक माद्यांशी जुगत असल्यामुळे काही नर कमी झाले, तरी पुढच्या वर्षीच्या पिलांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही. संख्या ठरते ती मादीच्या घरट्यावर, आणि घरटे असते थेट जमिनीवर, गवताच्या बुडाशी. तेथे ती साधारण 23 दिवस अंडी उबवते. लसूणघासाची पहिली कापणी नेमकी याच काळात येते. उंच, दाट लसूणघास मादीला सुरक्षित वाटतो, यंत्र जवळ आले तरी ती अंड्यांवरून उठत नाही आणि घरट्यासह कापली जाते. पिले बाहेर आल्यावर पहिले काही आठवडे ती जवळजवळ सर्वस्वी किड्यांवर जगतात, त्यामुळे फवारणी केलेले स्वच्छ शेत त्यांच्या उपयोगाचे नसते. पुढे हिमवादळांत पाणकणसांची दलदल किंवा वारा अडवणाऱ्या झाडांच्या रांगा नसतील, तर उरलेले पक्षीही गारठून मरतात. मक्याचे दाणे त्यांना हिवाळ्यात खायला मिळतात हे खरे, पण केवळ मक्याच्या रानात फेझंटची पिढी वाढत नाही.

म्हणूनच 1985 च्या कृषी कायद्यातून आलेला ‘कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम’ मला इतका महत्त्वाचा वाटतो. धूप होणारी किंवा हलक्या प्रतीची जमीन 10 ते 15 वर्षे पिकाखालून काढून तिच्यावर गवत राखायचे आणि त्याबद्दल सरकारने शेतकऱ्याला दरवर्षी भाडे द्यायचे, अशी ही योजना आहे. सुरुवातीला अनेक ठिकाणी एकाच जातीचे परदेशी गवत पेरले गेले, हा तिचा दोष होता. पुढे स्थानिक गवते आणि फुलझाडे यांच्या मिश्रणावर भर आला. 2007 मध्ये देशभरात 3 कोटी 68 लाख एकर जमीन या योजनेत होती. त्याच वर्षी इंधनात मक्यासारख्या पिकांपासून बनणारे जैवइंधन मिसळण्याचे लक्ष्य कायद्याने वाढवले, मक्याचे भाव चढले आणि करार संपताच हजारो शेतकऱ्यांनी गवत मोडून नांगरणी केली. त्यांना दोष देणे मला पटत नाही. सरकारी भाड्याच्या कितीतरी पट उत्पन्न समोर दिसत असताना पक्ष्यासाठी तोटा सोसा, असे कोणी कोणाला सांगावे?

येथे शिकाऱ्यांचा पैसा आणि आवाज कामी येतो. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरील कर वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना मिळतो. 1982 साली मिनेसोटात स्थापन झालेली ‘फेझंट्स फॉरएव्हर’ ही संस्था अधिवास विकसित करते, शेतकऱ्यांच्या बांधावर सल्लागार पाठवते आणि कृषी कायद्यासाठी वॉशिंग्टनमध्ये पाठपुरावा करते. त्या गवतात बोबोलिंक व मेडोलार्क हे माळावरचे छोटे पक्षी आणि रानबदकेही घरटी करतात. मात्र फेझंटच्या माद्या कधीकधी प्रेअरी चिकन या कोंबडीसारख्या स्थानिक पक्ष्याच्या घरट्यात अंडी घालतात आणि त्या दुर्मीळ पक्ष्याचे नुकसान करतात. जेथे तो उरला आहे तेथे अग्रक्रम त्यालाच मिळायला हवा.

साउथ डकोटा सरकारने 2019 पासून रॅकून, स्कंक यांसारखे घरटी लुटणारे प्राणी पकडून त्यांच्या शेपट्या आणून देणाऱ्यांना बक्षीस सुरू केले. मला हा खर्च चुकीच्या जागी वाटतो. आडोशाची जागा अरुंद पट्ट्यांपुरती उरते, तेव्हाच भक्षकाला घरटी शोधणे सोपे जाते. तोच पैसा गवत रुंद करण्यावर लावावा.

आपल्याकडे महाराष्ट्रात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्यही झाले, तरी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून माळढोक जवळजवळ नाहीसा झाला. बंदी आवश्यकच होती, पण माळाला ‘पडीक’ समजण्याची सवय तिने मोडली नाही, आणि माळ राखणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा मोबदलाही मिळाला नाही.

अमेरिकेत गवत राखण्याची वरील योजना ज्यावर अवलंबून आहे, त्या 2018 च्या कृषी कायद्याची मूळ मुदत 2023 मध्ये संपली आणि त्यानंतर मुदतवाढींवर काम चालले. अशा अनिश्चिततेत मला सर्वांत आशादायक वाटते ते शेताच्या नकाशांवरचे काम: कापणी यंत्रात नोंदलेल्या उत्पादनावरून पाणथळ कोपरे आणि खारवट तुकडे ओळखायचे, जेथे बियाणे व खताचा खर्चही निघत नाही, आणि पिकाऐवजी तेवढ्याच भागात गवत लावायचे. तेथे शेतकऱ्याचा तोटा थांबतो आणि मादीला लसूणघासाबाहेर, यंत्रापासून दूर, घरट्याला जागा मिळते.