अ‍ॅबर्डीनची रात्र, पिशवीतल्या चपला आणि सदरचं जेवण

शनिवारी रात्री दीडची वेळ. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन शहरात, युनियन स्ट्रीटवर ओल्या फुटपाथच्या कडेला एक मुलगी अनवाणी बसलेली. असेल एकोणीस-वीसची. उंच टाचांचे सँडल हातात, तळपाय गारठून लालभडक. मी पिशवीतून रबरी चपला काढून तिच्यापुढे ठेवल्या. "किती झाले?" काहीच नाही म्हटल्यावर ती रडायलाच लागली. मैत्रिणी तिला सोडून निघून गेल्या होत्या. टॅक्सी येईपर्यंत आम्ही तिच्याशेजारी बसून राहिलो.

या कामाला इथे 'स्ट्रीट पास्टर्स' म्हणतात. २००३ साली लंडनमध्ये सुरू झालं. नाव पास्टर असलं तरी आम्ही कोणी पाळक नाही. वेगवेगळ्या चर्चची साधी माणसं प्रशिक्षण घेऊन रात्रभर फिरतात, फुटक्या बाटल्या उचलतात, पाणी देतात, ऐकून घेतात. उपदेश मात्र करायचा नाही. कोणी आपणहून विचारलं तरच प्रभूबद्दल बोलायचं.

मला हे नवीन वाटलं नाही. नागपूरला, आमच्या सदर भागात, रविवारची उपासना संपली की आई गडचिरोली-चंद्रपूरकडून शिकायला आलेल्या दोन-तीन पोरांना घरी आणायची. "जेवला का रे बापा?" एवढंच विचारायची. ताटातलं वरण-भात संपेपर्यंत परीक्षेचं नाव नाही. बायबलमधल्या गोष्टीतल्या दयाळू शोमरोन्यानेही वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला आधी जखमांवर तेल लावलं, चौकशी केली नाही.

मी शिकलो ते हिस्लॉप कॉलेज १८८३ चं. ज्यांचं नाव त्याला आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप याच स्कॉटलंडचे. नागपूरच्या पोरांसाठी त्यांनी शाळा काढली आणि १८६३ साली नागपूरजवळच पाण्यात बुडून गेले. इथे रात्री फिरताना त्यांची आठवण येते.

आणि एका मित्राचीही. बी.एस्सी.ला तो नापास झाला, तेव्हा आमच्या चर्चच्या तरुण संघात ज्याने त्याने त्याला मार्कच विचारले. मीसुद्धा. त्यानंतर तो चर्चला आला नाही, आणि आम्ही कोणी त्याच्या घरी गेलो नाही. गाण्यांच्या स्पर्धा, बायबल क्विझ सगळं जोरात चालू होतं. आजही नागपूरच्या अभ्यासिकांमधून रात्री अकराला उतरलेले चेहरे घेऊन पोरं बाहेर पडतात. आपल्या संघातली दोन माणसं तिथे चहा घेऊन उभी राहिली तर? नुसती उभी.

नाताळात येतोय. मित्राचं आता जरीपटक्याकडे दुकान आहे म्हणे. आईला डबा भरायला सांगितलाय.