आमची वाटचाल : पेट्या, धुराडी आणि कांद्याचे गोंडे

रावेर-यावलच्या केळीला मधमाशी लागत नाही, त्यामुळे त्या पट्ट्यात आम्हाला कोणी विचारत नाही. आमचं पोट कांदा बियाण्यावर, डाळिंबावर आणि सूर्यफुलावर. मध विकतो, पण खरा धंदा परागीभवनासाठी मधमाश्यांच्या पेट्या शेतकऱ्यांना भाड्याने द्यायचा.

मेलिफेरा या पाळीव जातीच्या माश्यांच्या पेट्या घेऊन धुळे जिल्ह्यात उतरलो, तेव्हा भाडं ऐकून लोक हसायचे. शिरपूरकडच्या एका आप्पांनी मात्र ठेवून घेतल्या. त्यांना कांदा कळत होता. गोंड्यातलं फूल आपला पराग आधी झाडून मोकळं होतं, त्याचं स्त्रीकेसर मागाहून तयार होतं. दुसऱ्या फुलाचा पराग आणून दिला तर बी भरतं. संकरित प्लॉटच्या मादी ओळीत तर पराग नसतोच. तिथे माशी नाही तर बी नाही.

मधली चांगली वर्षं सोडून देतो. मग एक जण आला, निम्म्या भाड्यात पेट्या घेऊन. पेटी तशीच, रंगही तोच. झाकण काढलं की पोळं बांधायच्या दहापैकी दोन-तीन चौकटींवर, म्हणजे फ्रेमवर माश्या, बाकीचे मेणाचे पत्रे कोरे! कमजोर वसाहतीतल्या माश्या पिलं सांभाळण्यातच गुंततात, फुलांवर जायला उरतात किती? शेतकऱ्यांनी पेट्या मोजल्या, माश्या कोणी बघितल्या नाहीत. आमच्या पेट्या आवारात पडून राहिल्या. वर माश्यांना साखरेचा पाक पाजायचा, तोही उधारीवर. रिकाम्या फ्रेमा मेणकिड्याने पोखरल्या. मध काढायचं यंत्र विकायला काढलं, ते आजही आठवलं की रक्त तापतं.

आप्पा हलले नाहीत. ‘भाऊ, पेट्या नको काढू, मी शे ना,’ एवढंच म्हणाले. फुलोऱ्यात त्यांनी दिवसा कधी पंप काढला नाही. फवारणी करायचीच झाली तर आदल्या दिवशी निरोप यायचा. अंधार पडून माश्या परतल्या की आम्ही दारांना जाळी लावायचो.

नव्या पोरांना सांगतो, पेटी उघडताना माश्या शांत करायला धूर सोडतो त्या धुराडीत गोवरी आणि गोणपाट घाला, प्लास्टिकची गोणी नको. धूर हातावर घेऊन बघा. चटका बसला तर माशीही बिथरते. उन्हाळ्यात पारा 45 वर गेला की माश्या पाणी आणून, पंख हलवून पिलांची जागा 35 अंशांच्या आसपास ठेवतात. तेव्हा सावली आणि पाणी पेटीजवळच हवं.

निम्म्या भाड्याचा तो गृहस्थ आता दुसऱ्या तालुक्यात फिरतोय म्हणे. तिकडच्या मंडळींनी भाडं ठरवण्याआधी ऊन चढल्यावर पेटीच्या दाराशी बाजूला उभं राहावं. पायांना परागाच्या गोळ्या लावून माश्या भराभर उतरत नसतील, तर पेट्या त्याच गाडीत परत चढवायला लावा.