सरकवलेली सोंड

मार्च २०२३मध्ये गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात वणवे पेटले होते. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं वरून पाणी ओतत होती. त्याच दिवसांत मी चोर्ला घाटात रस्त्याच्या कडेला चित्राचा बोर्ड लावून उभा होतो. पणजीच्या एका हॉटेलवाल्याला लॉबीसाठी सत्तरी तालुक्यातले डोंगर हवे होते, ‘एकदम हिरवेगार’. त्याचं काम पावसाळ्यातल्या स्केचेसवरून घरी बसूनही झालं असतं. घाटात मी गेलो तो धुरासाठी.

धूर राखाडी असतो असं ज्याला वाटतं त्याने तो कधी रंगवलेला नाही. काळ्या कड्यासमोर विरळ धूर निळा दिसतो. तोच धूर वर चढून उजळ आकाशासमोर आला की तांबूस-पिवळा होतो, कारण त्यातले बारीक कण निळा प्रकाशच जास्त विखुरतात. म्हणजे एकाच लोटाला खाली अल्ट्रामरीनचा निळा, वर ऑकरचा पिवळा, आणि मधे एक पट्टा असा की जिथे धूर जवळजवळ नाहीसाच होतो. तो पट्टा साधला तर चित्र जमलं. जळलेल्या उतारासाठी ट्यूबमधला काळा मी घेत नाही, तो मेलेला दिसतो. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएनाचा तपकिरी घालून काळोख केला की त्यात ऊब राहते. उन्हाने टर्पेंटाइन भराभर उडून रंग पॅलेटवरच चिकट होत होता, आणि वरून राख. ओल्या रंगावर बसलेला कण काढायला जावं तर त्याचा फराटा उठतो, म्हणून राहू दिले. दोन गाड्या थांबल्या, माझ्यासकट धुराचे सेल्फी काढून गेल्या. वणवासुद्धा पिकनिक स्पॉट होतो आपल्याकडे.

दुपारनंतर खालच्या वाड्यावरचा एक वयस्कर माणूस येऊन मागे उभा राहिला. बराच वेळ बघून म्हणाला, “बरें दिसता.” मग विचारलं, “म्हजी बागायत खंय हांतूंत?”

काजूची बागायत. ऐन बोंडांच्या दिवसांत गेलेली. त्याने बोट दाखवलं तिथे खरोखर डोंगराची एक सोंड उतरत होती आणि तिच्या पायथ्याशी काळा तुकडा होता. चित्रात ती सोंड मी डावीकडे सरकवली होती. उजवीकडे ती फ्रेमच्या कडेला चिकटत होती, नजर बाहेर ओढत होती. कुठलाही लँडस्केपवाला हेच करेल. त्या जागी आता धूर होता, आणि चित्रातला सगळ्यात चांगला धूर तोच.

त्याला चित्राचा फोटो हवा होता, नुकसानभरपाईच्या अर्जाला जोडायला. मोबाइलवर काढलेले फोटो कार्यालयातल्या कारकुनाने परत केले होते, त्यांत नुसतं पांढरं दिसतं म्हणून. त्यात तथ्य होतं, मोबाइल धुराचं पीठ करून टाकतो. पण जळलेली जमीन स्वतः जाऊन बघावी असं काही त्या कारकुनाला सुचलं नाही.

मी म्हटलं, “काका, चित्र चालणार नाही. डोंगर मी हलवलाय.”

“थंय डोंगर मेजूंक कोण वतलो?”

तिथे डोंगर मोजायला कोण जाणार, खरंच. फोटो दिला. अर्जाचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. हॉटेलला हिरवे डोंगर गेले, पैसेही वेळेवर आले. गॅलरीवाल्या मित्राने धुराचा बोर्ड पाहून “वणवा कोण घेणार हॉलमध्ये?” म्हटलं आणि वर “पण तो उजवा कोपरा बघ, काय उतरलाय!” असंही म्हटलं.

सोंड परत जागेवर आणता येईल. पण त्यासाठी तो कोपरा खरवडावा लागेल. राख सगळ्यात जास्त तिथेच बसली आहे, आणि वारा त्या दुपारी खालून, बागायतीकडूनच येत होता.